सारजाचं भात कोणी कापलं?

दिवाळीच्या मागेपुढे आठ-दहा दिवस असे येतात की लोणावळ्यात कुठेही उभं राहिलं तरी भाताचा वास येतो. शिजलेल्या भाताचा नव्हे. कापून पसरलेल्या, सकाळी दहिवराने भिजलेल्या आणि दुपारी उन्हाने तडतडणाऱ्या काडाचा. स्टेशनात तो इंजिनाच्या धुराला मागे सारतो, बाजारात चिक्कीच्या पाकाला. साहेब लोकांच्या बंगल्यांतून गुलाबांची एवढी निगा राखतात, पण या दिवसांत त्यांच्या फाटकातही वास येतो तो खालच्या खाचरांचाच. बाकी वर्षभर जो मावळ आम्हा लोणावळेकरांच्या खिजगणतीत नसतो, तो या आठ दिवसांत न विचारता घरात शिरतो.

याच दिवसांत आमच्या ख्रिस्ती मंडळीचा कापणीचा सण येतो. शेताचं पहिलं फळ देवापुढे ठेवायचं, एवढीच मुळात त्याची गोष्ट. यंदा लढाईमुळे तांदूळ रेशनच्या चिठ्ठीवर मिळतो आहे, तरी सणाची पत्रिका छापली होती आणि तीवर पंचांची नावं पदव्यांसकट होती. केळीच्या खुंटांची कमान होती. पुण्याहून पाहुणे बोलावले होते. त्यांनी सेवा या विषयावर तासभर भाषण केलं. 'आपापल्या उंबऱ्याबाहेर पडा,' असं त्यांनी आम्हाला तीनदा बजावलं. त्यांची मोटार देवळाच्या दाराशी लागली होती आणि दारापासून व्यासपीठापर्यंत सतरंजी अंथरली होती. उंबरा कुठे आला आणि कुठे गेला हे त्यांच्या पायांना कळलंही नसेल.

मला राग आला. घरचे म्हणतात, रागाचं तुमचं वय राहिलं नाही. रक्ताचा दाब मोजणारा डॉक्टरही तेच म्हणतो. पण काही राग असे असतात की ते आजचे नसतातच. भाषण चाललं होतं आणि वेदीपाशी उभ्या केलेल्या पेंढ्यांचा वास माझ्यापर्यंत येत होता. पाहुण्यांचं पुढचं मी काही ऐकलं नाही.

मागच्या लढाईच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे अठरा साली, याच दिवसांत ताप आला होता. डॉक्टर त्याला इन्फ्लुएंझा म्हणत, वाड्यावस्त्यांतून मानमोडी म्हणत. वाड्यांचं नाव अधिक बरोबर होतं. सकाळी धडधाकट दिसलेला माणूस दुपारी मान टाकायचा. पाऊस त्या साली लवकर उठला होता, पीक आधीच हलकं होतं, आणि जे होतं ते कापायला उभा राहील असा माणूस घराघरात शोधावा लागत होता. निलगिरीच्या तेलाचा वास, गळ्यात बांधलेल्या कापराच्या पुरचुंड्या, आल्याचे काढे, आणि भर दिवसा बंद असलेली दारं. रेल्वेच्या फाटकावर एरवी गाड्या खोळंबायच्या. त्या दिवसांत फाटक उघडंच असे आणि रस्त्यावर कुत्रंही नसे.

मी तेव्हा मंडळीच्या शाळेत मास्तर होतो. शाळा बंद होती. मुलांना शूरांच्या गोष्टी मोठ्या आवेशाने सांगणारा मी, दाराला आतून कडी लावून जाडजूड ग्रंथ वाचत बसलो होतो. हातरुमालावर निलगिरीचे थेंब होते. धैर्यावर मी त्या पंधरवड्यात जितकं वाचलं तितकं पुढे कधी वाचलं नाही.

कडी काढून बाहेर पडलो तो पंचांच्या बैठकीसाठी. माझं अक्षर बरं, म्हणून बैठकीचा वृत्तांत मी लिहीत असे. पाळकसाहेब स्वतः तापाने पडलेले. त्यांच्या जागी अध्यक्ष होते बेंजामिनराव, रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क, अंगात बंद गळ्याचा काळा कोट, आवाज असा की साधं 'बसा' म्हटलं तरी हुकूम वाटावा. विषयपत्रिकेवर दोन गोष्टी होत्या. सणाला केळीची कमान करायची की बांबूची. आणि पहिली पेंढी वेदीपर्यंत कोणी न्यायची. दुसऱ्या विषयावर बराच वेळ गेला. वयाने मोठा कोण, मंडळीत आधी कोण आला, कोणाच्या वडिलांनी देवळाला घंटा दिली. लोक मरत होते आणि आम्ही रांग ठरवत होतो.

तेवढ्यात एस्तेरबाई आत आल्या. त्यांना बोलावलेलं नव्हतं. एस्तेरबाई म्हणजे आमच्या मंडळीच्या बायबलबाई. वाड्यावाड्यांतून हिंडून बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, अक्षरं शिकवायची, आजाऱ्यापाशी बसायचं, हे त्यांचं काम. पुण्याच्या लष्करात वाढलेल्या, एका कंपाउंडरची विधवा, पंचेचाळिशीच्या. हातात बारमाही छत्री, कारण म्हशींची भीती वाटे.

त्या उभ्यानेच बोलल्या. "वाडीतला याकोब परवा गेला. सारजा आणि तिची सासू दोघी तापात आहेत. घरात दोन लहान पोरी. भात पिकून उभं आहे. आठ दिवसांत कापलं नाही तर ते घर वर्षभर खाणार काय?"

"दुःखद आहे," बेंजामिनराव म्हणाले. "फार दुःखद आहे. मास्तर, लिहून घ्या."

"लिहून काय होणार? चार माणसं द्या."

"बाई, तिथे रोग आहे."

"रोग इथंही आहे."

"आहे ना! म्हणूनच म्हणतो, आणखी आणायला कशाला जायचं?"

मग ठराव झाला. मंडळी सारजाबाईच्या दुःखात अंतःकरणपूर्वक सहभागी आहे आणि तिच्या पिकासाठी प्रार्थना करीत आहे. एका पंचांनी 'कळकळीने' हा शब्द सुचवला. तो 'अंतःकरणपूर्वक'च्या आधी असावा की नंतर, यावर दोन मतं पडली. शेवटी प्रार्थनेच्या आधी बसवला. ठराव सर्वानुमते पास झाला आणि मी तो वळणदार अक्षरात लिहिला. तो कागद मी पुढे कैक वर्षं जपून ठेवला होता; एका पावसाळ्यात त्याला वाळवी लागली. वाळवीने मंडळीची केलेली ही एवढीच सेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर छत्रीच्या मुठीने ठकठक झाली.

"मास्तर, विळा धरता येतो?"

"नाही हो, एस्तेरबाई."

"मलाही नाही. चला."

मी कारण शोधत होतो. त्या उंबऱ्यावर उभ्या होत्या आणि कारण सापडेपर्यंत थांबायची त्यांची तयारी दिसत होती. पायांत वहाणा सरकवल्या ते धैर्याने नव्हे, त्या नजरेपुढे अवघडून. सेवेला निघालेली माणसं आतून कशी असतात याबद्दल भाषणांतून जे ऐकू येतं, त्यात हे अवघडणं कधी येत नाही. मला तरी तेवढंच ठाऊक आहे.

रुळांच्या कडेने दीड-दोन तास चालायचं, मग लोहगडाच्या वाटेला लागायचं. उतारावर सोनकीची पिवळी फुलं शेवटची उरली होती. खाचरांत भात माना टाकून उभं होतं. ज्वारी पिकली तरी चार दिवस दम धरते. आंबेमोहोर धरत नाही. लोंब्या वाकल्या की वाऱ्याच्या हिसक्यासरशी दाणे मातीत जातात, आणि मातीतला दाणा उंदरांचा आणि पाखरांचा. इतका सुवास आणि इतकी शांतता एकत्र मी पुन्हा अनुभवली नाही. एकाही खाचरात माणूस नव्हता.

वाडीचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत. याकोबचं घर गावकुसाबाहेर होतं. नवऱ्याने धर्म बदलला तरी घर होतं तिथेच राहिलं. आत सारजा आणि सासू दोन घोंगड्यांत पडलेल्या. सारजाला शुद्ध नव्हती. थोरली पोर, असेल सात वर्षांची, धाकटीला चिंचोके खेळवत होती. एस्तेरबाईंनी चूल पेटवली, पेज केली, दोघींच्या तोंडात घातली. आढ्यात खोचलेले दोन विळे सापडले. आम्ही बाहेर आलो आणि घराला लागूनच जे खाचर होतं त्यात शिरलो.

आमची चूक इथे झाली. आणि ती आमच्यासारख्या पुस्तकी माणसांनाच सुचावी अशी होती. घराला लागून असलेली जमीन त्या घराचीच, असं आम्ही धरून चाललो. पुण्याच्या लष्करात आणि लोणावळ्याच्या बंगल्यांत तसंच असतं. बंगल्याभोवतीची बाग बंगलेवाल्याची. गावकुसाबाहेरच्या घराभोवतीची जमीन त्या घराची कधीच नसते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. शास्त्र, इतिहास, व्याकरण सगळं शिकवत होतो. हे कोणत्याही बुकात नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

दीड दिवस आम्ही कापलं. पहिल्या तासात माझ्या तळहाताला फोड आले. तोडलेल्या ताटांचे धस पायांत घुसत. एस्तेरबाई लुगड्याचा काचा मारून, छत्री बांधावर रोवून, एकेक मूठ अशी धरत जणू लहान मुलाची शेंडी. मध्येच खेकडा दिसला की किंचाळत आणि लगेच, "काही नाही, काही नाही," म्हणत स्वतःचीच समजूत घालत. संध्याकाळी परत, सकाळी पुन्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बांधावर एक म्हातारा येऊन उभा राहिला. भर उन्हात अंगावर घोंगडी. तापातून नुकता उठलेला. आमच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"कोन म्हनायचं तुमी?"

मी सांगितलं. लोणावळ्याचा मास्तर, या बायबलबाई, सारजाचं भात कापतो आहोत.

"सारजाचं व्हय?" तो म्हणाला. "सारजाचं खाचर पार खाली, वड्याच्या कडंला. हाडोळ्यातलं. ह्ये माजं हाय."

एस्तेरबाईंनी विळा खाली ठेवला. हाडोळा म्हणजे महारकीच्या वतनाची जमीन. ओढ्याकाठचा दगडगोट्यांचा तुकडा, घरापासून हाकेच्या टप्प्याबाहेर. आम्ही दीड दिवस राबलो होतो ते वाडीतल्या एका मराठ्याच्या शेतात. मी माफी मागू लागलो. नुकसान झालं असेल तर, वगैरे. म्हातारा खाली बसला, एक पेंढी उचलून त्याने बुडखा पाहिला.

"कापलंय का उंदरानं कुरतडलंय ह्ये?" आणि मग त्याला हसू फुटलं, हसता हसता खोकला आला. "माजी दोन्ही पोरं पडून हायेत, मास्तर. काल सांजच्याला म्हातारीला म्हनलं, भात गेलं आपलं. आन् हितं बगतोय तर अर्धं खाचर आडवं!"

त्याचं नाव म्हसू. वाडीत सगळे त्याला आबा म्हणत.

मी म्हटलं, "आबा, झालं ते झालं. आता सारजाचं खाचर दाखवा म्हणजे आम्ही तिकडे जातो."

"दावतो. पर आसं कसं? तुमी दोघं माज्यात दीड दिस राबलात. आता मला तुमच्यात राबलं पायजे. सावड हाय ती. आज तू माज्यात, उद्या मी तुज्यात. न्हाई फेडली तर मानूस नावं ठिवतं."

"पण आमचं शेतच नाही. आम्ही कापणार ते सारजाचं."

म्हसू आबाने ओढ्याकडे बघितलं, घोंगडी सारखी केली. "तुमी जितं म्हनाल तितं मला यावं लागंल," तो सावकाश म्हणाला. "सारजाच्यात मी आपनहून आलो नसतो, मास्तर. खोटं कशाला बोलू? पर सावड ती सावड."

तिसऱ्या दिवशी तो, त्याची बायको आणि भावजय अशी तिघं हाडोळ्यात उतरली. पाण्याचं मडकं त्यांनी स्वतःचं आणलं होतं आणि ते वेगळ्या बांधावर ठेवलं. भाकरीही तिथेच बसून खाल्ली. मी हे लपवत नाही. त्यांनीही लपवलं नाही. पण विळा कसा धरायचा हे म्हसू आबाने मला दाखवलं. "अंगठा वर ठिवा. न्हाईतर भाताबरुबर त्योबी जाईल." एस्तेरबाईंना म्हणाला, "मावशी, भाताला आंजारू-गोंजारू नका. त्ये काय रुसलंय व्हय?" दोन दिवसांत खाचर मोकळं झालं. शेवटच्या दुपारी सारजा भिंतीला धरधरून घराबाहेर आली, पोरीच्या आधाराने, वाटेत चारदा टेकत, ओढ्याकाठच्या बांधापर्यंत पोचली आणि बसल्या बसल्या पेंढ्या बांधू लागली. अंगात हाडं तेवढी उरली होती. नवरा गेल्याचं तिला आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

झोडणी झाली तेव्हा तिची कणगी पुरती भरली नाही. तरी हात राखून शिजवलं तर चार तोंडांना पुढच्या कापणीपर्यंत पुरेल, असा अंदाज म्हसू आबाने बांधला. त्यात एका सणाचंही जेवण धरलेलं नव्हतं.

मध्येच आजचं सांगतो. आमच्या देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. तीवर बेंजामिनरावांचं नाव आणि खाली 'सेवेला वाहिलेले जीवन' अशी अक्षरं आहेत, शिसं भरून पक्की केलेली. एस्तेरबाईंची कबर दफनभूमीच्या खालच्या बाजूला आहे. जिथे पावसाळ्यात पाणी साचतं तिथे. दगड नाही. जागा मला ठाऊक आहे आणि माझ्यानंतर कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. यंदाच्या पाहुण्यांना पंचांनी ती पाटी दाखवली. पाहुण्यांनी चष्मा पुसून ती वाचली आणि मान हलवली.

तर सण. ताप ओसरू लागला होता, आणि पंचांपुढे अडचण उभी राहिली होती की कमान तयार आहे पण पेंढ्या नाहीत. मंडळीतल्या शेतकऱ्यांपैकी कोणाचंच भात वेळेवर कापलं गेलं नव्हतं. कापलेलं होतं एकट्या सारजाचं. झोडणी व्हायच्या आतच बेंजामिनरावांनी शिपाई पाठवून पाच पेंढ्या मागवल्या. सारजाने दिल्या. देवाला नाही कसं म्हणायचं, म्हणाली.

त्या रविवारी बेंजामिनरावांनी पहिली पेंढी नेली. काळा कोट, इस्त्रीची घडी, आणि छातीशी धरलेलं हाडोळ्यातलं भात. पेंढी कोटाला घासू नये म्हणून त्यांनी ती जरा लांब धरली होती. पुढच्या बाकांवर कचेरीतली माणसं, मास्तर, नर्सबाई. मागे दाराशी चटईवर वाड्यांतून आलेले लोक. कोणी कुठे बसायचं असा नियम नव्हता. ज्याने त्याने ओळखून बसायचं, एवढंच. आमचे आजोबा कोणत्या जातीतून आले हे आमच्या मंडळीत कोणी विचारीत नसे आणि कोणी विसरतही नसे. चटईवर सारजा होती, डोक्यावरून पदर, शेजारी दोन्ही पोरी. तापानंतर ती पहिल्यांदाच देवळात आली होती.

वेदीपुढे उभं राहून बेंजामिनराव म्हणाले, "या संकटाच्या काळात आपली मंडळी स्वस्थ बसली नाही. एका विधवा बहिणीचं शेत उभं होतं. ते कोणी कापलं? मंडळीने कापलं! आपल्या साठ जणांच्या मंडळीने! ही पेंढी त्याची साक्ष आहे."

मी एस्तेरबाईंकडे पाहिलं. त्या गीतांचं पुस्तक उलटं धरून वाचत होत्या. उठावं, ओरडावं, तळहात उघडून दाखवावा असं मनात आलं. उठलो नाही. उपासनेत मधे बोलायचं नसतं.

सारजाला बहुधा हे कोणी सांगितलं नव्हतं. आशीर्वाद व्हायच्या आत ती चटईवरून उठून उभी राहिली. आमच्या देवळात मागचं माणूस बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"मंडळीला माजा सलाम," ती म्हणाली. आवाज बारीक, पण कापत नव्हता. "माजं भात तुमी समद्यांनी कापलंत. मी तापात हुते, मला कळलं न्हाई. आमच्याकडं इर्जिकीला, बिनमजुरीनं राबाय, आलेल्या मानसाला जेवू घालायचं आसतं. त्यो जेवल्याबिगर घरच्यानं नवा दाना तोंडात घालायचा न्हाई. म्हातारी सासू आन् मी आजून नव्या भाताला शिवलो न्हाई. तवा येत्या बुधवारी दुपारी समद्यांनी माज्या घरी जेवाय या. कापाय आला त्यानं जेवाय आलंच पायजे. न्हाईतर आमच्या त्वांडाला भात लागायचं कसं?"

आणि बसली.

साठ माणसांपुढे एकच सवाल होता. कापलं नाही म्हणावं, तर अध्यक्ष वेदीपुढे खोटं बोलले. कापलं म्हणावं, तर गावकुसाबाहेरच्या त्या घरात, त्या चुलीवरचा भात, जमिनीवर बसून जेवायचा. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी आम्ही माणसं. पण ते वर्षातून काही वेळा, चांदीच्या प्याल्यात, पाळकसाहेबांच्या हातून. सारजाच्या मडक्यातून पाणी ही गोष्ट निराळी होती.

दाराबाहेर पायऱ्यांवर कारणांचा बाजार भरला. कोणाची बुधवारी ड्यूटी होती, कोणाच्या घरी अजून आजारी माणूस. एक बाई म्हणाल्या, "मला नव्या तांदळाने पोटात गुबारा धरतो." एक गृहस्थ म्हणाले, त्या गरीब बिचारीवर भार घालणं माणुसकीला धरून होणार नाही. दयेचा इतका सोयीस्कर उपयोग केलेला मी क्वचितच पाहिला आहे.

मी बेंजामिनरावांना गाठलं. "साहेब, आपण कधी कापलंत?"

"मास्तर, मंडळी म्हणजे एक देह. हातांनी केलं ते डोक्यानेही केलंच की."

"मग बुधवारी डोक्याला जेवायला बोलावलंय."

त्यांनी घड्याळ काढून पाहिलं आणि निघून गेले. आयुष्यात वेळेवर सुचलेलं हे माझं एकमेव उत्तर. त्याने कोणाचंही काही भलं झालं नाही.

इकडे एस्तेरबाई सारजाला रागे भरत होत्या. "अगं वेडे, साठ माणसं! एका दुपारी महिन्याचं भात जाईल. पोरींना काय घालशील मग?"

"बोलवाय तर पायजेच की बाई," सारजा म्हणाली. "त्येंनीच सांगितलं न्हवं, कापलं म्हनून."

दोन दिवस मी तळमळत होतो. कोणी येणार नाही हे उघड होतं. ती साठांचा भात रांधणार, तो वाया जाणार, अपमान होईल तो वेगळाच. आणि पुढे आषाढात त्या पोरी उपाशी राहतील. जाऊन तिला सांगावं, रांधू नकोस, असंही वाटलं. पण मग तिला सांगावं लागलं असतं की तुझ्या घरी जेवायला आमची माणसं येत नाहीत. हे वाक्य माझ्या तोंडून निघेना, कारण त्या माणसांत मी होतो. कापणीचे ते दिवस आठवत होते. तहान लागली की मी ओढ्यावर जात असे आणि ओढ्याचं पाणी गार असतं अशी स्वतःची समजूत घालत असे. सारजाच्या घरातला तांब्या मी एकदाही तोंडाला लावला नव्हता. म्हसू आबाचं मडकं निदान बांधावर सगळ्यांना दिसत तरी होतं.

बुधवारी आम्ही दोघंच निघालो. वाटभर एस्तेरबाई मागे वळून बघत होत्या. मागे रूळ होते आणि त्यावर ऊन.

आम्ही पोचलो तेव्हा म्हसू आबा दाराबाहेर उभा होता. तो तिच्या हातचं शिजलेलं खाणार नव्हता हे तिला माहीत होतं. तिने सुपात कोरे तांदूळ मापून, वर पळसाचं पान झाकून तयार ठेवले होते. त्याने ते उपरण्यात घेतले, कपाळाला लावले.

"पोचलं गं, सारजा. फिटलं."

"फिटलं, आबा," ती म्हणाली.

तो गेला. आम्ही आत गेलो. शेणाने सारवलेली जमीन, भिंतीशी सासू गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, पोरी तिच्या दोन्ही अंगांना. सारजाने दोन पत्रावळी मांडल्या.

"जरा थांब गं," एस्तेरबाई म्हणाल्या. "येतील अजून कोणी." त्यांच्या आवाजात त्यांचाच विश्वास नव्हता.

सारजाने चुलीवरचं मडकं उतरवलं आणि झाकण काढलं. वाफ वर आली आणि सगळं घर आंबेमोहोराने भरून गेलं. मी वाकून पाहिलं. मडकं लहान होतं. आम्ही दोघं आणि घरची चौघं, एवढ्यांपुरताच भात होता त्यात.

"कापाय हुते त्येंचंच रांधलंय," ती म्हणाली.

एस्तेरबाईंनी पुन्हा मडक्यात डोकावलं. "आणि सगळे आले असते म्हणजे?"

"आले आसते तर इळे दिले आसते हातात. आबाचं वरचं खाचर उशिराचं, आजून उभं हाय."

एस्तेरबाई हसल्या. पदर तोंडात कोंबूनही हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं. मी सारजाकडे पाणी मागितलं. तिने तांब्या दिला. तो मी तोंडाला लावला, आणि मग जेवायला बसलो. भाताबरोबर वालाची आमटी होती, मीठ थोडं कमी.

माझी पत्रावळ संपत आली तशी भिंतीकडून म्हातारीचा आवाज आला.

"झालं का गं त्येंचं?"

"झालं, आत्याबाई."

"मग वाढ मला. लय दिस वास घेत बसलीया."